पाऊस कसला पडतोय?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या इंटरनेट कंपनीत तक्रारीचा फोन लावला की पलीकडची बाई आधी नाव विचारायची, मग गाव विचारायची, आणि तिसरा प्रश्न असा टाकायची की नवं गिऱ्हाईक गोंधळून जायचं.

"पाऊस हाय का तिकडं? असला तर कसला पडतोय?"

"कसला म्हंजे? पाण्याचाच की!" असं एका आटपाडीकरानं तिला सुनावलं होतं.

"पाण्याचा ते कळलं, दादा. पण पिरपिर हाय का सडकून हाय? थेंब केवढा? पत्र्यावर आवाज कसा येतोय?"

मग तो माणूस फोन कानाला लावूनच अंगणात जायचा, वर बघायचा आणि सांगायचा. बाई ते वहीत लिहून घ्यायची आणि म्हणायची, "बरं. पाऊण तास थांबा, तवर न्हाई आलं तर मीच फोन करते." आणि पाऊण तासानं ती खरंच फोन करायची.

ही बाई म्हणजे माया सरगर. वय एकोणचाळीस. नऊ वर्षं ती जिन्याखालच्या त्याच टेबलाशी बसत होती. तिथं उभं राहिलं तर डोकं पायरीला आपटायचं, म्हणून ती कुणी साहेब आला तरी उठायची नाही, बसूनच नमस्कार करायची. नव्या लोकांना ते उद्धटपणाचं वाटायचं. जुन्यांना कारण माहीत होतं.

घरी तिच्या सासूला, रंगूबाईला, या नोकरीचं कोडं कधी उलगडलं नव्हतं. "पाऊस पडतोय का म्हणून इचारायला पगार देत्यात व्हय? मग मला ठिवा म्हणावं कामाला. मी तर न इचारता सांगती, वाळवण आत घ्या." माया भाकरी थापता थापता हसायची. नवरा धनाजी शाळेची बस चालवायचा, त्याला सहाला डबा लागायचा. पोरीचा डबा सातला, स्वतःचा आठला. तीन डबे भरून बाई नऊला टेबलाशी हजर. नऊ वर्षांत तिनं उशिरा आल्याची सबब कधी सांगितली नाही. सांगायला वेळच नसायचा.

मायाचं माहेर जत तालुक्यात, पार पूर्वेला, कर्नाटकाची हद्द डोळ्यांना दिसेल इतक्या लांब. तिप्पेवाडी. बाप बिराप्पा मेंढपाळ. आठ वर्षांची होईपर्यंत माया मेंढरांमागं चालली होती. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठ गाठायचा, शेताशेतांत खतासाठी मेंढरं बसवत कऱ्हाडच्याही वर पाटणच्या डोंगरांच्या पायथ्यापर्यंत जायचं, आणि पश्चिमेकडचा पाऊस अंगावर यायच्या आत परत फिरायचं. परतायला उशीर झाला त्या वर्षी तो पाऊस त्यांना गाठायचाच. बारीक, न थांबणारा, घोंगडी आतून ओली करणारा. मेंढरांचे खूर कुजायचे. घरी येऊन बघावं तर जतला आभाळ कोरडं ठणठणीत. तिथला पाऊस यायचा तो भादव्यात नाहीतर दसऱ्याच्या सुमाराला, आणि यायचा तो अर्ध्या तासात ओढा भरून जायचा. पाऊस एक नसतो हे मायाला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

पुढं आश्रमशाळा झाली, सांगलीत आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स झाला. वर्गात दोनच मुली होत्या. दुसरीचं लग्न पहिल्या वर्षात झालं. माया टिकली. पण नोकरीत तिच्या वाट्याला आला तो तक्रारीचा फोन. "बाईमाणूस खांबावर कुठं चढणार?" असं कंपनीचे मालक जयराजदादा म्हणाले होते, आणि ते वाईटपणानं म्हणाले नव्हते, म्हणून तर भांडताही आलं नाही.

कंपनीचं जाळं जतपर्यंत जमिनीतल्या केबलनं जायचं. त्याच्या पुढं खडक, आणि रस्ते बारमाही खणलेले. म्हणून पुढचा प्रवास हवेतून. जतमधल्या एका गच्चीवर एक डिश आणि नऊ किलोमीटरवर तिप्पेवाडीच्या बिरोबाच्या टेकावर दुसरी. मधे झाड नको, घर नको. दोघींनी एकमेकींच्या डोळ्याला डोळा लावून बसायचं. टेकावरून मग आजूबाजूच्या सात गावांना इंटरनेट.

दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या एका हॉस्पिटलनं तिप्पेवाडीत पडद्यावरचा दवाखाना सुरू केला. ग्रामपंचायतीशेजारची एक खोली, एक मोठा पडदा, एक कॅमेरा आणि राणी सिस्टर. दर गुरुवारी डॉक्टर मॅडम मिरजेत बसायच्या, पेशंट इथं बसायचे. राणी छातीला यंत्र लावायची, ठोके मिरजेत ऐकू जायचे. साठ-पासष्ट म्हातारी माणसं त्या खोलीवर जगत होती म्हटलं तरी चालेल. त्यांतला एक बिराप्पा. चौऱ्याहत्तर वर्षांचा, हृदय अर्ध्या दमानं चालणारा. त्याआधी त्याला मिरजेला न्यायचं म्हणजे पहाटेची एसटी, पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवशी झोपून राहणं. तीनपैकी दोन वेळा तो "पुढल्या म्हैन्यात बघू" म्हणून टाळायचा.

यंदा मे महिन्यात हॉस्पिटलनं सांगितलं, चित्र अजून स्वच्छ हवं, वेग वाढवा. जयराजदादांनी नवा इंजिनिअर आणला. दिग्विजय. सातारचा, सत्तावीस वर्षांचा, वडील सुभेदार म्हणून निवृत्त, गावाकडं ऊस. इस्त्रीचा शर्ट, वेळेचा पक्का, कामाला वाघ. त्यानं आठवड्यात टेकावरची आणि जतची जुनी डिश उतरवून नवी बसवली. नवी जास्त फ्रिक्वेन्सीची, वेग दहापट. जुनी जोडी गाडीत घालून तो सांगलीला निघाला होता तेव्हाच मायानं त्याला फोनवर गाठलं.

"सर, जुनी तिथंच बाजूला राहू द्या की."

"ताई, खांबावर वाऱ्याचा भार वाढतो. आणि दोन्ही ठेवायच्या तर नवीन कशाला आणली?"

"घरात गॅस आला म्हणून आम्ही चूल मोडली नाही."

दिग्विजय हसला. "मायाताई, पाटणला मी अशाच लिंका लावल्यात. तिथला पाऊस माहितीय ना? चार महिने सूर्य दिसत नाही. एकदाही लिंक पडली नाही. जतला काय पाऊस? येतो तो पाहुण्यासारखा."

"दोन दिवसांचा पाहुणाच घर डोक्यावर घेतो, सर."

पण जुनी डिश उतरली ती उतरलीच. सांगलीच्या स्टोअरमध्ये खोक्यात गेली.

जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. लिंक दगडासारखी उभी. आकाशात ढग यायचे, भुरभुरून जायचे. दिग्विजय जिन्यावरून उतरताना मुद्दाम वाकून विचारायचा, "काय ताई, आला का पाहुणा?" माया म्हणायची, "अजून पत्रिका गेली नाही त्याला." ऑफिस हसायचं. तीही हसायची. पण आतून तिला हसू येत नव्हतं, कारण हॉस्पिटलच्या नव्या करारातली एक ओळ तिनं टाइप करताना वाचली होती. दिवाळीपर्यंत तीनदा दवाखाना मधेच तुटला तर तो हायवेवरच्या एका मोठ्या गावात हलवायचा. तिथं केबल पोचली होती. कागदावर अंतर बत्तीस किलोमीटर. तिप्पेवाडीहून तिकडं सरळ एसटी नव्हती, दोन बदलाव्या लागत. बिराप्पा दोन एसट्या बदलून जाणार नाही, हे मायाला जितकं माहीत होतं तितकं बिराप्पालाही माहीत नसेल.

भादव्यातल्या दुसऱ्या गुरुवारी राणीचा फोन आला.

"माया, मॅडम गेल्या!"

"कुठं गेल्या?"

"पडद्यावरनं गेल्या! बयाबाईच्या छातीला यंत्र लावलंय आणि मॅडम गायब. म्हातारी मला विचारतीय, बंद काय पडलं, यंत्र का माझं काळीज?"

"पाऊस कसला पडतोय?"

"काय म्हणालीस? ऐकू येईना! पत्रा फुटतोय का काय असं झालंय!"

पंचवीस मिनिटांनी पाऊस थांबला आणि लिंक आपोआप आली. बयाबाईचं काळीज चालू होतं. पण मिरजेच्या कागदावर एक फुली पडली.

दिग्विजय दुसऱ्या दिवशी स्वतः टेकावर जाऊन आला. "बोल्ट सैल होता. डिश जरा हलली असणार. आता घट्ट केलाय."

मायानं मान डोलावली. बोल्ट सैल असता तर लिंक आपोआप परत कशी आली, हे तिनं विचारलं नाही. तरण्या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं की तो खरं ऐकायचं बंद करतो, हा अनुभव तिनं घरीच घेतला होता.

त्या रविवारी दुपारी तिनं कपाटावरच्या चार वर्षांच्या वह्या खाली काढल्या. या वह्यांवरून ऑफिसात तिची थट्टा व्हायची, आणि ती उगाच नव्हती. कारण त्यांतल्या निम्म्या तक्रारी कंपनीच्या नव्हत्याच. तिकडच्या गावांत इंटरनेटची डिश आणि टीव्हीची डिश, दोन्हींना लोक छत्रीच म्हणत. पावसात घरावरची टीव्हीची छत्री बंद पडली की बायाबापड्या माया सरगरला फोन लावत. "मालिका गेली बघ, पोरी." दुसरं कुणी असतं तर "ते आमच्याकडं नाही" म्हणून फोन ठेवला असता. मायाला ते जमलं नाही. माहेरच्या माणसाचा फोन असा कसा ठेवायचा? ती नाव लिहायची, गाव लिहायची, पाऊस कसला ते लिहायची, आणि पाऊण तासानं विचारून टीव्ही किती वाजता परत आला तेही लिहायची. जयराजदादा एकदा म्हणाले होते, "माया, दुसऱ्याच्या घरची धुणी कशाला धुतेस?"

रंगूबाई शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. "काय मोजतीस एवढं?"

"तिप्पेवाडीत टीव्ही कवाकवा गेला ते. चार सालाचं."

"बोटावर काय मोजतीस? ह्यो घे." म्हातारीनं शेंगदाण्यांनी भरलेलं पाखडायचं सूप पुढं सरकवलं. "तू म्हैना वाच, मी दाणा ठिवती."

माया वाचत गेली, रंगूबाई फरशीवर दाणे मांडत गेली. मेच्या वळवाचे नऊ दाणे झाले. जूनचे दोन, जुलैचा एक, ऑगस्टचे तीन. सप्टेंबर सुरू झाला आणि म्हातारीचा हात थांबेना. सतरा. ऑक्टोबरचे चौदा. रंगूबाई मागं सरकून त्या ढिगांकडं बघत राहिली.

"आगं बया! ह्यो भादव्याचा ढीग बघ. आणि तुझा त्यो सातारकर म्हणतोय पाऊसच न्हाई?"

"पाऊस थोडाच हाय, आत्या. पण पडतो तवा असा पडतो."

"मग सांग की त्येला! तोंड दिलंय ना देवानं? मला बरी उत्तरं देतीस."

सोमवारी मायानं ते आकडे एका कागदावर मांडून दिग्विजयपुढं ठेवले. त्यानं वरून खाली बघितलं. "टीव्हीच्या डिशचा आणि आपल्या लिंकचा काय संबंध, ताई?" तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "बघतो नंतर," म्हणत त्यानं कागद ड्रॉवरमध्ये सरकवला.

पुढचा गुरुवार कोरडा गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी अकराला बिराप्पाचा फोन आला. तो रोजच यायचा. बारा मेंढरं उरली होती, तेवढ्यांना टेकाखाली सोडून म्हातारा लेकीशी बोलायचा.

"जेवलीस का?"

"अकराला कोण जेवतंय, आबा? आभाळ कसं हाय?"

"उठलंय की दक्षिणेच्या अंगानं. बुडाला जांभळं झालंय. मेंढरं तोंड फिरवून हुबी राहिल्यात."

माया ताठ बसली. "किती येळ लागंल?"

"पाऊण घंटा धर. आणि ह्यो मोठ्या थेंबाचा हाय, पोरी. मी चाललो देवळात."

मायानं आधी राणीला फोन केला. "ज्यांचं दुखणं जास्त हाय त्यांना आधी घे. गप्पा मारणारी मागं ठेव. पावणेबारापर्यंत जेवढं होईल तेवढं उरक." मग ती जिन्याखालून वाकून बाहेर आली आणि दिग्विजयच्या टेबलापाशी उभी राहिली. ती उठून आली याचंच ऑफिसला नवल वाटलं.

"सर, तिप्पेवाडीची लिंक पावणेबाराला जाईल. वीस-पंचवीस मिनिटं."

"कुणी सांगितलं?"

"आबांनी."

"कोण आबा?"

"माझे वडील. मेंढरं राखतात."

दिग्विजय खुर्ची वळवून बसला. त्यानं संगणकावर लिंकचा आकडा उघडला, बहुधा तिला दाखवायलाच, की बघा, ठणठणीत आहे. आकडा ठणठणीत होताही. साडेअकराला होता, अकरा चाळीसलाही होता. मग तो उतरू लागला. ताप उतरावा तसा एकेक पायरी, आणि मग एकदम. अकरा बावन्नला पडदा लाल झाला.

"सात मिनिटं चुकले आबा," माया म्हणाली आणि फोनकडं धावली.

सव्वाबाराला लिंक परत आली. ती जायच्या आधी नऊ पेशंट तपासून झाले होते. चार राहिले. राणीनं सांगितलं की मिरजेतून विचारणा झाली आणि दुसरी फुली पडली.

दुपारी डबा खाताना दिग्विजय मायाच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसला. हातात ड्रॉवरमधला तो कागद.

"मी आत्ता आईला फोन केला होता, साताऱ्याला," तो म्हणाला. "विचारलं, पावसात आपला टीव्ही जातो का? ती म्हणाली, आठ-आठ दिवस पाऊस थांबत नाही, पण मालिका एकदा चुकली नाही. फक्त मेमध्ये वळीव येतो तेव्हा जातो."

माया जेवत राहिली.

"ताई, या वरच्या फ्रिक्वेन्सीची लाट बारीक असते. काही मिलिमीटरची. पावसाचा मोठा थेंबही तेवढाच. तो लाट पिऊन टाकतो, नाहीतर इकडंतिकडं उधळून देतो. जुन्या डिशची लाट लांब, ती थेंबाला फारशी जुमानत नाही. वर्षात पाऊस किती पडला याला अर्थच नाही. एका मिनिटात किती पडतो त्याला आहे. हे मी शिकलोय. परीक्षेत लिहिलंय."

"मग?"

"मग पाटणला चार पावसाळे काढले आणि विसरलो." त्यानं चपातीचा तुकडा नुसताच हातात धरला होता. "शिवाय तिथल्या लिंका तीन-तीन किलोमीटरच्या. ही नऊची. तेही धरलं नाही."

माया त्याच्याकडं बघत होती. नऊ वर्षांत तिच्या टेबलाशी कितीतरी जण आले होते. पण आपली चूक अशी सुटी करून, नावनिशी सांगणारा हा पहिला. तिनं डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याच्यापुढं सरकवली.

"आबा मेंढरांना शीळ घालायचे," ती म्हणाली. "बारीक पावसात ती दरीपल्याड जायची. पण मोठ्या थेंबाच्या पावसात चार हातांवर सुद्धा पोचायची नाही. मग आबा शीळ सोडून द्यायचे आणि छातीतून आवाज काढायचे. हुर्रर्र. जाडा, खालच्या पट्टीतला. तो जायचा."

दिग्विजयनं विचार केला. "शास्त्र वेगळं आहे, ताई. तिथं पावसाचा आवाज शिळेला झाकून टाकत असणार."

"असंल. मेंढरं वळायची एवढं मला माहिती."

तो हसला. "जुनी डिश कुठंय?"

"स्टोअरमध्ये. डावीकडच्या फळीवर, तिसरं खोकं. मी मेमध्येच पुसून ठेवलीय."

जयराजदादा आधी का-कू करत होते. नवी आणून परत जुनी लावायची म्हणजे लोक काय म्हणतील, असं त्यांचं चाललं होतं. दिग्विजय म्हणाला, "लोकांना सांगा, इंजिनिअर चुकला." मग दादांनी गाडी काढायला सांगितली.

रविवारी जतच्या गच्चीवर हरिबा वायरमन उभा राहिला आणि बिरोबाच्या टेकावर दिग्विजय स्वतः चढला. दोन्हीकडं नवी डिश जागेवर, तिच्याखाली जुनी. खांबाला दोन जादा तारांचा ताण दिला, म्हणजे वाऱ्याचा प्रश्न मिटला. पावसात वरचीनं मान टाकली की खालचीनं आपोआप काम उचलायचं, आणि वेग कमी असल्यानं दवाखान्याला पहिली वाट द्यायची, अशी जोडणी. माया टेकावरच्या खांबाखाली उभी राहून फोनवर हरिबाला सांगत होती, "उजवीकडं, अजून केसभर. आता थांब." ती मोजमापाचं यंत्र हातात धरून आकडा वाचत होती. आयटीआयनंतर पहिल्यांदाच तिच्या हातात यंत्र आलं होतं, आणि हात जराही अडखळत नव्हता.

बिराप्पा काठीवर हनुवटी टेकून बघत बसला होता. दिग्विजय खाली उतरल्यावर त्यानं विचारलं, "सायेब, तुमी साताऱ्याचं न्हवं?"

"होय, आबा."

"मग तुमास्नी पावसाचं ठाऊक नसायचंच."

"का हो? आमच्याकडं तर केवढा पडतो."

"पडत न्हाई, ऱ्हातो तुमच्याकडं. घरातल्या माणसाकडं कोण निरखून बघतंय? आमच्याकडं येतो दोनदा, म्हणून आमी तोंड बघून ठिवतो."

"आबा, सायेबांना पाणी तर द्या आधी," माया म्हणाली.

चौथ्या दिवशी गुरुवार. हत्तीचं नक्षत्र लागलेलं. दहापासून माया फोनला हात लावून बसली होती. बिराप्पाचा फोन आला नाही, कारण आज त्याचीच तारीख होती. तो धुतलेलं धोतर नेसून दवाखान्याच्या रांगेत बसला होता. साडेअकराला राणीनंच सांगितलं, "अंधारून आलंय गं. दिवा लावलाय." इकडं ऑफिसात दिग्विजय संगणकासमोर. जयराजदादा काही काम नसताना तिथंच फिरत होते.

बारा वीसला वरच्या डिशचा आकडा कोसळला. पडदा लाल झाला.  मग खालच्या कोपऱ्यात एक हिरवी ओळ उमटली. जुनी डिश चालू झाली होती.

मायानं राणीला फोन लावला. "मॅडम दिसत्यात का?"

"दिसत न्हाईत नीट. नुसत्या चौकटी चौकटी. हललं की हिरव्या हुत्यात."

"आवाज?"

"आवाज येतोय! खणखणीत! आता मॅडम रागावल्या बी कुणावर तरी."

"मग चालू दे. काय बी बंद करू नकोस."

पाऊस पस्तीस मिनिटं पडला. सप्टेंबरात पडला होता त्याहून मोठा. ओढ्याला पाणी आलं, पंचायतीचा एक पत्रा उडाला. अठरा पेशंट तपासून झाले. फुली पडली नाही. दिवाळीपर्यंत त्यानंतर आणखी दोनदा असाच पाऊस झाला, दोन्ही वेळा चित्राच्या चौकटी झाल्या आणि दोन्ही वेळा बोलणं तुटलं नाही. दवाखाना तिप्पेवाडीतच राहिला.

पण ते पुढचं. त्या दिवशी दीडला दिग्विजय स्वतः चहाचे दोन कप घेऊन जिन्याखाली आला. डोकं पायरीला आपटलं. कप सावरत तो म्हणाला, "ताई, कवठेमहांकाळच्या पुढं अजून एक लिंक काढायचीय. जागा बघायला तुम्ही या. खाली उभं राहून नाही, आधीपासून. दादांना विचारलंय मी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ती आली तर फोन कोण घेणार?"

"आणि तुम्ही?"

"म्हटलं, मी घेईन. पाऊस कसला ते विचारायला शिकतोय."

माया काही बोलणार तोच तिचा फोन वाजला. बिराप्पा. आवाज चढलेला.

"माया, ती तुझी लाइन बंद कर आधी!"

मायानं चहाचा कप टेबलावर ठेवला. "का आबा? काय झालं? तपासलं न्हाई का?"

"तपासलं की! चांगलं तपासलं. ती मॅडम मला म्हणतीया, आजोबा, तोंडात काय हाय? म्हटलं, काय न्हाई. तर म्हणतीया, मला तुमी दिसत न्हाई, पण बोलणं जड येतंय, तंबाखू हाय ती आधी थुकून या. अख्ख्या रांगंम्होरं! ती बयाबाई दात काढून हसली, तिला दात न्हाईत तरी."

मायानं तोंडावर पदर धरला. "थुकलीत का?"

पलीकडं म्हाताऱ्यानं घसा खाकरला.

"थुकली."

"मग?"

"मग काय, गोळी बदलून दिली. पाय सुजत्यात ती पाण्याची गोळी म्हणं. आणि दर गुरुवारी येऊन बसायचं, तोंड दावायचं."

"जाताल न्हवं?"

"जाईन की. न जाऊन काय करू?" म्हातारा करवादला. "पाऊस आला, लाइन गेली म्हणून सांगावं, तर ते बी तू ठिवलं न्हाईस."